काळी प्लेट बंद

"सावली जांभळी असते का कुठे?"

"चित्रात आहे ना!"

"मग चित्रातलं झाड आजारी असेल."

"काका, मी गंमत करायला आलेली नाही."

"मी तरी कुठे करतोय? सावली म्हणजे काळी. पोरंसुद्धा काळ्या खडूने काढतात."

छापखान्यातल्या टेबलावर पोस्टरचा नमुना पसरलेला. एका बाजूला चित्रसंग्रहालयातल्या बाई, दुसऱ्या बाजूला मशीनवाले भिंगकाका. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. काका भिंग फक्त आंघोळीपुरतं काढतात आणि तेवढ्यासाठी आंघोळही लवकर आटपतात, असं बाइंडिंगमधली मंडळी म्हणत.

नमुन्यावर एक निसर्गचित्र होतं. उन्हातली पांढरट वाट, कडेला उंच झाडं, वाटेवर त्या झाडांच्या आडव्या सावल्या. मूळ चित्रात जांभळ्या. काकांनी छापल्या राखाडी.

"गुलाबी शाई चढली होती," काका म्हणाले. "मी उतरवली आणि सावलीत काळी दिली. तेहतीस वर्षं हेच करतोय. कुणाचा नवरदेव हिरवा आला, कुणाचं बाळ निळं आलं, सगळ्यांना मी माणसांत आणलं."

"भर दुपारचं चित्र आहे हो! तुम्ही त्यावर ढग आणलेत. इम्प्रेशनिस्ट आहे तो चित्रकार, उजेडच रंगवणारा!"

"कोणी का असेना. सावली ती सावली."

आवाज ऐकून आतून ताई आली. छापखाना तिचा. लहानपणी ती याच टेबलाखाली खेळायची, त्यामुळे काका तिला अगं-तुगं करत आणि ती त्यांना चारचौघांत बोलत नसे. बाई गेल्यावर मात्र बोलली.

"काका, चित्र बघून या."

"बघितलंय. स्क्रीनवर."

"चित्र म्हणतेय मी. आणि हे पुन्हा बिघडलं, तर रंग मोजायचा मीटर मागवते. मग मशीनवर दुसरा माणूस, तुम्ही बाइंडिंगला."

"बाइंडिंगला? मी? डिंकात?"

"डिंकात."

रविवारी काका संग्रहालयात गेले. सोबत बायको. दारावरच्या पहारेकऱ्याने भिंगाकडे बोट दाखवलं. "हे बाहेर ठेवावं लागेल."

"घ्या हो, घ्या," बायको म्हणाली. "नाही परत दिलंत तरी चालेल."

काका सवयीने चित्राला नाक लावायला गेले. दोरीपाशी अडले, तरी मान पुढे काढलीच. जवळून चित्र नव्हतंच. नुसते रंगाचे फटकारे, एकावर एक, घाईघाईने मारलेले. वाटेच्या पांढऱ्यात पिवळा होता, गुलाबी होता. त्यांनी काळा शोधला. बुंध्यात नाही, फांदीत नाही, सावलीत तर नाहीच. सावलीत निळा, त्याला खेटून तांबडा, मध्ये कुठे नुसता हिरवा. या माणसाकडचा काळा संपला होता की काय!

"अहो, इकडे या. तिथून काय दिसणार तुम्हाला, कॅनव्हासची वीण?"

बायको समोरच्या बाकावर पाय सैल सोडून बसली होती. काका तिच्याशेजारी जाऊन टेकले आणि फटकारे एकमेकांत मिसळले. वाट तापली. सावली गार झाली. काकांना डोळे बारीक करावेसे वाटले.

"छान आहे," ते पुटपुटले. "पण खोटं आहे."

"खोटं कसलं? गच्चीवर रोज पडते अशी सावली. माझ्या चादरींवर."

"चादरींवर?"

"पांढऱ्या चादरी वाळत घातल्या की कठड्याची सावली पडते त्यांवर. निळीच दिसते. तुम्ही लग्न झाल्यापासून म्हणताय, अगं नीळ जास्त झाली, नीळ जास्त झाली. सोळा वर्षं झाली मी नीळ घालायची सोडून!"

काका बाकावरच तिच्याकडे वळले.

"मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की. तुम्ही भिंग लावून चादर बघितलीत आणि म्हणालात, नीळ आहे."

काका आधी खोकले आणि मग त्यांना हसू आवरेना. पहारेकरी वळून बघायला लागला.

"पण असं का होतं गं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"मला काय माहीत! ऊन अडलं तरी वर आभाळ असतंच की. त्याचा उजेड पडत असेल."

काका त्या बाकावर आणखी तासभर बसले. बायको दोन दालनं बघून आली, तरी ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छपाईसाठी नेहमीच्या चारऐवजी तीनच रंगांच्या प्लेटा करून मागवल्या. निळी, गुलाबी, पिवळी. ताई धावत मशीनपाशी आली.

"काळी कुठाय?"

"बंद."

"काका, तीन रंगांत चित्र लटपटतं, हे तुम्हीच शिकवलंत मला!"

"चुकीचं शिकवलं."

त्यांनी मशीन चालू केलं. एक कागद काढला, गुलाबी केसभर वाढवली. दुसरा काढला, निळी जरा मागे घेतली. भिंग गळ्यात होतं, पण दर वेळी कागद भिंतीला लावून ते दहा पावलं मागे जात होते. बाइंडिंगवाले हातातलं काम टाकून बघत राहिले. अकराव्या कागदाला काकांनी मशीन थांबवलं.

बाई चार वाजता आल्या. कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या, मग पार दारापर्यंत. काका उगाच रूळ पुसत होते. चकचकीत झालेला रूळ त्यांनी पुन्हा पुसला.

"ऊन आलं," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यात सही करून निघून गेल्या.

ताईने सुस्कारा सोडला. "मीटर राहू दे आता. मशीन तुमचंच. एवढा डोळा घरात असताना मी बाहेर काय शोधतेय!"

काका ओठांतल्या ओठांत हसले.

"पण खरं सांगा हं," ती जवळ आली. "काळी काढायचं तुमचं तुम्हाला सुचलं, का कुणी सांगितलं?"

काकांनी हात पुसले. डबा उचलला.

"काका, मी काहीतरी विचारतेय!"

रद्दीच्या गठ्ठ्याला वळसा घालून ते फाटकाबाहेर पडले, आणि घर गाठायची एवढी घाई त्यांना याआधी कुणी पाहिली नव्हती.