डिंकाचे लाडू आणि रेवाची कुस्ती

ग्वाल्हेर आलं तेव्हा गाडी थांबायच्या आधीच मी दारात जाऊन उभी होते, आणि त्या गडबडीत लाडवांचा डबा सीटवरच राहिला. घ्यायला आलेल्या दादाने पळत जाऊन तो आणला. तेव्हाच तो डबा दिल्लीला गेला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

माझ्या घाईची नाशकात कीर्ती आहे. चहाला उकळी फुटण्याआधी ही गाळणं घेऊन उभी असते, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. दादा माझा चुलतभाऊ. आमच्या घराण्याची एक पाती फौजेबरोबर इकडे आली ती इथलीच झाली. स्टेशनाबाहेर पडाव चौकात त्याने रिक्षावाल्याशी हिंदीत वाद घातला, माझ्याशी मराठीत बोलला, आणि सूर दोन्हीकडे तोच.

"सुमन, तू बैस आधी. सामान मी रखवतो. तो बघ किल्ला."

जानेवारीचं दाट धुकं होतं. मला किल्ल्याच्या जागी पांढरी भिंत दिसली.

"दिसत नाही रे काही."

"दिसेल ना. जरा रुक तर."

माधवगंजच्या घरी वहिनी नव्हत्या. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या माहेरी गेल्या होत्या, म्हणून मी न विचारताच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. घरात दादा आणि त्याची लेक रेवा. रेवा कुस्ती खेळते, पन्नास किलोच्या गटात. रविवारी तिची राज्यासाठीची निवड चाचणी होती. दोन वर्षं ती शेवटच्या कुस्तीत हरली होती आणि दोन्ही वेळा कारण एकच, तिला थांबवत नाही, पंचाचा हात खाली येतो न येतो तोच उडी. यंदा दादाने शब्द घेतला होता की निवड नाही झाली तर कुस्ती बंद, आणि बी.एड.ला नाव घालायचं.

"काय करू आत्या," रेवा म्हणाली, "घाई आपल्या खानदानातच आहे." बोलताना ती माझ्याकडे बघत होती, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडई (उडदाच्या सारणाची पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाऊन मी तिच्याबरोबर अखाड्यात (म्हणजे आपल्या तालमीत) गेले. तिथल्या कुशवाह मॅडम ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज मात्र भारदस्त. दारातच त्यांनी माझ्या चपला, मोबाइल आणि घड्याळ काढून घेतलं.

"यहाँ कोई देखने नहीं आता, बुआजी. जो आया, उसने पकड़ की."

ही पकड म्हणजे दोघींनी कपाळाला कपाळ लावायचं, एकमेकींचे दंड धरायचे आणि उभं राहायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. समोरचीचा श्वास ऐकायचा. जी आधी हलली ती हरली. मी म्हटलं, यात काय आहे एवढं? रेवाच्या कपाळाला कपाळ लावलं आणि मला आठवलं की दुधाखालचा गॅस बंद केला का नाही. मान वळली.

"बुआजी गईं," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा उभी राहिले तर दाराशी बकरी आली. मग नाक खाजलं. मुली पदर नसतानाही पदराआड हसाव्यात तशा हसत होत्या. रेवाही माझ्यापेक्षा थोडीच बरी निघाली. मॅडमनी तिला हळूच म्हटलं, "तू तो अभी से इतवार में पहुँच गई है. यहाँ खड़ी हो." ते वाक्य मलाही लागू होतं.

शनिवारी संध्याकाळी पोरगी मुगाचं पातळ वरण घेऊन बसली. मला बघवेना. उद्या एवढी मोठी परीक्षा, आणि ताटात हे? मी डबा काढला.

"आत्या, उद्या सुबह वजन आहे. नको."

"एका लाडवाने काय वजन वाढतंय? माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर बिचारी काय करणार? एकाचे तीन झाले. वर खारे शेंगदाणे, आणि दादाने आणलेली गजक (तिळाची कुरकुरीत वडी) मी स्वतः मोडून तिच्या तोंडात घातली. आग्रह करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

सकाळी मैदानावर सरावाच्या काट्यावर रेवा चढली आणि तिचा चेहरा उतरला. पाव किलो जास्त. खऱ्या वजनाला तासभर होता, आणि पन्नासच्या वर काटा गेला तर ती खेळणारच नव्हती. तिची सगळी मेहनत, आणि मध्ये आले माझे लाडू. मी रडवेली होऊन मॅडमपाशी सगळं कबूल केलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी रेवाला दोन स्वेटर चढवले, वर दादाचं जाकीट, आणि मला म्हणाल्या, "आपने खिलाया है, आप साथ दौड़िए."

मी धावले. नेसत्या साडीवर, दादाचे बूट घालून, धुक्यात. दादा कठड्यावर बसून चहा पीत बघत होता, त्याच्या बापजन्मात त्याला इतकी करमणूक मिळाली नसेल. मग मॅडमनी आम्हा दोघींवर रजई टाकली. घाम यायची वाट बघायची. बोलायचं नाही, वेळ विचारायची नाही.

माझ्या तोंडाशी शंभर वाक्यं आली. माफी, नवस, सुंठीचा काढा. पण रेवाने डोळे मिटून कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. तिचा श्वास आधी धावत होता, मग चालायला लागला. तिच्या नाकावरून घामाचा थेंब माझ्या हातावर पडला. पोर किती घाबरली होती ते मला तेव्हा कळलं. आणि तिच्यासाठी करण्यासारखं काहीही नव्हतं, नुसतं तिथे असायचं होतं. मी होते. दूध, बकरी, काही आठवलं नाही.

काटा पन्नासच्या एक केस खाली थांबला.

शेवटची कुस्ती भिंडच्या एका उंच मुलीशी होती. रेवाने तिचे दंड धरले आणि ती थांबली. थांबलीच. पंचांनी खेळत नाही म्हणून ताकीद दिली, समोरचीला एक गुण गेला. दादा उभा राहिला, "अगं, जा ना पुढे!" मी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवला. मी, बरं का. संपायला थोडा वेळ उरला तेव्हा घाई त्या मुलीने केली. ती पुढे झेपावली, रेवा खाली गेली, पाय धरला, आणि पुढच्या क्षणी मागे जाऊन तिच्या पाठीवर होती. दोन गुण. शिट्टी वाजली तेव्हा दादा रडत होता आणि रुमाल माझा वापरत होता. बी.एड.चं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

परतीच्या दिवशी दादाने दालबाजारातून गजकेचे पुडे बांधून आणले. "घरी घेऊन जा. इथे कोणाला खिलवू नको," म्हणाला. फलाटावर रेवा वाकून पाया पडली आणि मग सरळ होऊन तिने माझे दंड धरले. कपाळाला कपाळ. गाडी आली. हमाल धावले, दादा ओरडायला लागला, "सुमन, गाडी दोनच मिनिटं रुकते इथे!" मला ऐकू येत होतं. पण ही पोर पुन्हा कधी भेटणार, या विचाराने माझे पाय हलेनात.

"आत्या, जा ना, छूट जाएगी," म्हणत शेवटी तिनेच मला डब्यात ढकललं.

म्हणजे मी जिंकले. खिडकीतून पाहिलं तर ऊन पडलं होतं आणि किल्ला डोंगरभर पसरलेला, अख्खा दिसत होता. तो पहिल्या दिवशीही तिथेच असणार.

नाशकाला पोचल्यावर चहा टाकला. ह्यांनी सवयीने गाळणं पुढे केलं.

"थांबा," मी म्हटलं, "उकळी येऊ दे." आणि त्यांना म्हटलं, जरा इकडे या, कपाळ पुढे करा.

हे बिचारे आले. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, कोणी हललं नाही, आणि चहा उतू गेला.