खाऱ्या हवेच्या नावावर

पनवेलच्या एका दुकानदारानं माझ्या दिराला फसवलं. कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली रॅमची पट्टी नवं लेबल चिकटवून नवी म्हणून विकली, आणि कॉम्प्युटर हँग व्हायला लागल्यावर दोष आमच्या उरणच्या खाऱ्या हवेवर ढकलला. माझा दीर ते खरं मानून गेला. हे आधी लिहून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं गोड गोड मला जमत नाही.

बाळाराम भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंदराच्या वजनकाट्यावर भांडत होते. पुतण्या म्हणाला, "काकी, घरी ये. बाबा उठत न्हायत." आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्धं सोडून निघाले. घरी पोचले तर भावजी मागच्या खोलीत खुर्चीतच होते, मान टेबलावर टेकलेली. समोर पडदा चालू, त्यावरचा बाण मध्येच अडकलेला. का कोण जाणे, मी माऊस हलवून पाहिला. बाण हलला नाही...

भावजींचा धंदा लाऊडस्पीकरचा. आमच्या आजूबाजूच्या गावांतली हळद त्यांच्या डब्यांशिवाय लागली नाही. आणि त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. ती धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते तसतसे विधी पुढं सरकतात, आणि ते धवळे कागदावर कुठंच नाहीत, तिच्या तोंडात आहेत. पण डीजे आले आणि म्हातारीचा आवाज मांडवाच्या कोपऱ्यात गाडला गेला. भावजींना हे फार उशिरा लागलं. "माज्याच डब्यांनी आयचा आवाज मारला, वहिनी," ते म्हणायचे. "आता मीच तो परत काढनार." सासूबाई तोवर कडवी विसरू लागल्या होत्या. घाई होती.

मी म्हटलं, मोबाईलवर घ्या की. तर म्हणाले, "मोबाईलात आय पत्र्याच्या डब्यात बसून गाते असा वाटतं." तयार कॉम्प्युटरही नको, त्याच्या पंख्याची घरघर माईकात येते. मग स्वतःच सुटे भाग आणून, मोठा संथ पंखा बसवून, आवाज न करणारं मशीन जोडायचं ठरलं. भाव करायला मला बरोबर नेलं. सुक्या मासळीची पाटी घेऊन मी उरणच्या बाजारात बसत होते, तिथून आज माझे ट्रेलर बंदरावर चालतात. आमचे हे गेल्यानंतर घरातली कुठलीच खरेदी माझ्याशिवाय झालेली नाही. त्या दुकानदाराला मी संध्याकाळपर्यंत सोडला नाही. शेवटी तो हसत म्हणाला, "काकू, तुमच्यापुढं हात टेकले." हात टेकलेला माणूस उठताना काय उचलतो, ते पुढं कळलं.

भावजींनी मशीन जोडलं. स्क्रू ओठांत धरून, चष्मा कपाळावर, वायरी मांडवातल्यासारख्या नीट बांधून. सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं. भावजींनी हात केला की त्या गायला लागायच्या. पहिला धवळा सुरेख उतरला. दुसरा निम्म्यावर आला आणि पडदा थिजला. कानात एकच सूर मिक्सरसारखा घरघरत राहिला. भावजींनी हात वर करून आईला थांबवलं.

इथं सासूबाईंची शिस्त सांगायला हवी. मध्येच तुटलेला धवळा त्या दिवशी परत उचलायचा नाही. "तुटला तं तुटला, बाला. आज नाय गायाचा," म्हणून त्या उठून जायच्या. आणि दुसऱ्या दिवशी तोच धवळा आठवेलच असं नव्हतं. म्हणजे मशीन एकदा हँग झालं की एक धवळा गेला, कधी कधी कायमचा.

भावजींनी काय केलं नाही? विंडोज पुसून परत टाकलं. केबली बदलल्या. यूपीएस आणला. पंखा उघडून धूळ झाडली. मशीन कधी दोन दिवस बिनबोभाट चालायचं, कधी चालू केल्या केल्या आडवं. असा दोष सर्वांत वाईट, तो दाखवायला नेला की लपतो. दुकानदारानं एकदा ठेवून घेतलं, परत देताना म्हणाला, "माल एक नंबर आहे. तुमच्याकडची हवा खारी, ती पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट खाते." आणि आम्ही ते मानलं! कारण आमच्याकडं खिडकीचे गज, शिलाई मशीन, गाडीचा पत्रा, सगळं हवाच खाते. मिठागरात राबून सासऱ्यांच्या पायांच्या भेगा कधी मिटल्या नाहीत. मिठानं काही खाल्लं म्हटलं की आगरी माणूस पुरावा मागत नाही.

मग भावजी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबरानं घासायचे. घासल्यावर योगायोगानं दोन दिवस मशीन चालायचं आणि त्यांची खात्री पटायची. खाडीकडच्या खिडकीला त्यांनी प्लास्टिक ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भर मे महिन्यात त्या खोलीत ते बनियनवर बसायचे. शेवटचं बोलणं तेच. मी दारातून ओरडले, "भावजी, गुदमरून मराल!" ते म्हणाले, "हवा आत आली तर आय मरते, वहिनी." डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

तेरावं झाल्यावर मला एक प्रश्न सोडेना. हवेचाच दोष असेल तर हवा बदलून बघितली का कोणी? माल खराब की जागा खराब, हे बाजारात पाटी हलवूनच कळतं. ट्रेलरच्या केबिनमध्ये मशीन मांडीवर घेऊन मी घाट चढले. वर आमच्या गाड्यांचं छोटं ऑफिस आहे, कोरडी हवा, मीठ नावाला नाही. तिथं तेच मशीन, त्याच घरघरीसह थिजलं. मग एक एक पट्टी काढून चालवलं. एका पट्टीवर दिवसच्या दिवस चाललं. दुसऱ्या पट्टीवर पुन्हा आडवं. त्या पट्टीच्या लेबलाचा कोपरा मी नखानं उचलला. पाकिटावरच्या तारखेवर तारीख चिकटवणारे मी उभ्या जन्मात पाहिलेत. खाली दुसरं लेबल होतं, पिवळं पडलेलं, झिजलेलं.

दुकानात जाऊन ती पट्टी मी काचेवर आपटली. दुकानदार आधी चहा मागवू लागला, मग म्हणाला, "काकू, तुम्ही पाडलेल्या भावात तसाच माल येतो." मी म्हटलं, "मग तेव्हा नाही म्हणायचं होतंस. भाव करणं माझा हक्क. हो म्हणून खोटा माल देणं ही चोरी." तर खांदे उडवून म्हणतो, "माणूसच गेला, आता वापरणार कोण?"

वापरणार कोण, ते सांगते. खिडकीवरचं प्लास्टिक मी फाडून टाकलंय. वारा आत येतो, मशीन एका पट्टीवर दिवसभर चालतं, एकदाही अडकत नाही. सासूबाई रोज सकाळी पदर सावरून माईकसमोरच्या स्टुलावर बसतात. पुतण्या रेकॉर्डिंग लावतो, म्हणतो, "आजी, गा." त्या खुर्चीकडं बघतात. "बाला हात करल तवा," म्हणतात, आणि वाट बघत बसतात. मशीनमध्ये पुरे उतरलेले धवळे थोडे, बाकी नुसते आरंभ. नवरीला हळद लागते आणि पुढं घरघर. वरात निघते आणि पोचत नाही...

मला पैसे परत नकोत. त्या दुकानदारानं इथं यावं. भावजींच्या खुर्चीत नाही, खाली जमिनीवर बसावं, कानाला हेडफोन लावावा आणि एक एक धवळा तुटेपर्यंत ऐकावा. मग समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून सांगावं, तिच्या लेकाला हवेनं खाल्लं की कोणी. आणि तुटल्यापुढचं कडवं आता आम्ही कोणाकडं मागायचं, तेही त्यानंच सांगावं. मी दार उघडं ठेवलंय. ये.