शेळीची घंटी

भरे गावातला आमचा शेजारी गडचिरोलीला नक्षलविरोधी कमांडो पथकात आहे. सुटीवर आला तरी त्याच्या अंगातलं जंगल जात नाही. बोलतो हळू, तेही ओठ फारसे न हलवता. गेलेल्या वाटेनं कधी परत येत नाही. पौडला सडकेनं गेला, तर घरी येतो बांधाबांधानं. आणि पायाचा आवाज म्हणून नाही. वाळक्या पाचोळ्यातूनसुद्धा मांजरासारखा येतो.

आमच्या आईला दिसत नाही. मागच्या सुटीत तो शेळीचं दूध न्यायला आला आणि अगदी जवळून "मावशी" म्हणाला. आई इतकी दचकली की हातातली चरवी दुधासकट सांडली. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या गोठ्यातली एक घंटी मागून घेतली आणि कमरेच्या पट्ट्याला बांधली. सगळी सुटी तसाच वाजत हिंडला. पोरं हसायची, बाया तोंडाला पदर लावायच्या. हा गडी मख्ख. आई मात्र लांबूनच ओळखायची, "आला बघ माझा बोकड."

सुटी संपली तेव्हा तो पाठीला पिशवी लावून आला. घंटी सोडून त्यानं आईच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे की तुला," आई म्हणाली.

"तितं वाजून चालत न्हाई, मावशी."

तो तिच्या पाया पडला आणि उभा राहिला. आईनं घंटी मुठीत घट्ट धरली, थोडा वेळ कानोसा घेतला आणि मला विचारलं, "गेला का रं?"

तो तिच्या पुढ्यातच उभा होता.