शेवटच्या पानावरची पेन्सिल

ताटातूट झालेल्या प्रेमिकांचा आमच्या घरमालक काकांइतका कट्टर वैरी अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. भिवापूरच्या मिरचीच्या व्यापारातून निवृत्त झालेले हे अविवाहित काका नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरातून साऱ्या गल्लीला जुन्या कादंबऱ्या वाचायला देतात. नायक-नायिका वीस वर्षांनी भेटले, लेखकानं हुश्श केलं, की त्याखाली काकांची पेन्सिल चालते. 'नायक पहाटे चारला उठतो आणि खाकरतो. हिला सहन होणार नाही.' 'हा जिच्यासाठी झुरला ती अठराची होती. हिचे गुडघे दुखतात.' गुडघे अर्थातच काकांनी पदरचे घातलेले.

"काका, शेवट गोड आहे हो," मी एकदा म्हणालो.

"शेवट गोडच राहते गा! त्याच्या पुढचं पान काहून नाही छापत हे लोक?"

समोरच्या मुलीनं कॉलेजातल्या जुन्या मित्राशी लग्न ठरवलं, काकांची एक कादंबरी वाचली आणि त्या बिचाऱ्याला आधी विचारलं, "तू घोरतोस का?" तेव्हापासून तिची आई काकांशी बोलत नाही.

असा हा निधडा समीक्षक एका वाचक बाईंपुढे मात्र पार ढेपाळतो. या बाई भिवापूरला काकांच्या शेजारी वाढल्या. काका त्यांना मागणी घालायचा विचारच करत राहिले आणि बाई लग्न होऊन कामठीला गेल्या. यजमान वारल्यापासून त्या महिन्यातून एकदा पुस्तक बदलायला येतात. फाटक वाजलं की काका न्हाणीत शिरतात. "तूच दे गा पुस्तक. मी आंघोळ करून राहिलो म्हण." दुपारी चार वाजता! बाईंना वाटत असेल, हा माणूस महिन्यातून एकदाच आंघोळ करतो.

मागच्या खेपेला त्यांनी परत केलेलं पुस्तक मी सहज उघडलं. शेवटी काकांचा निकाल होता: 'हे सुखी होणार नाहीत. तिला चहात साखर किती लागते, हेसुद्धा याला ठाऊक नाही.' खाली बाईंचं वळणदार अक्षर: 'अर्धा चमचा. विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं.'

काकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग खोडरबर शोधून आपल्या ओळी खोडल्या आणि त्यांच्या ठेवल्या. थट्टा माझ्या ओठांवर आली होती, पण मला ती करवेना.

परवा बाई आल्या तेव्हा काका न्हाणीत गेले नाहीत, स्वयंपाकघरात गेले. मी डोकावलो तर साखर चमच्यात घेताहेत, डब्यात टाकताहेत, पुन्हा घेताहेत.

"अर्धा म्हंजे सपाट का शीगभर गा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मला काय विचारता काका? त्या बाहेरच बसल्यात."

चहा आटत आला, तरी काका चमचा धरून दाराकडे बघत उभेच होते.