क्लचवरचा पाय

दादाची पिकअप जुनी होती, पण आमची दोन घरं तिच्यावर चालत होती. कांजूरमार्गला आमचा खुर्च्या-भांडी भाड्याने द्यायचा धंदा. नवरा गेल्यावर मीही त्यात उतरले. ऑर्डर मी घ्यायची, माल दादाने पोचवायचा, आणि बहुतेक वेळा मी त्याच्या शेजारी बसून जायचे.

गिअरचा त्रास रिव्हर्सपासून सुरू झाला. मग दुसरा, तिसराही पडेना. घाटकोपरला एका हॉलबाहेर गाडी मागे घेताना गिअर असा करकरला, की दारातली वऱ्हाडी मंडळी वळून बघायला लागली. दादाने गाडीला एक सणसणीत शिवी घातली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता.

वाकोल्याचा मेकॅनिक दादाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड आला क्लच पेडलच्या स्विचचा. गिअर बदलताना पेडल पूर्ण दाबलं गेल्याची खबर इंजिनच्या कॉम्प्युटरला मिळत नव्हती. त्याने स्विच बदलला, कोड पुसला. दिवा परत लागला. मग क्लचचा सिलिंडर बदलला, पाइपातली हवा काढली. शेवटी गिअरबॉक्सच खाली उतरवला. तेलात धातूचा कीस चमकत होता, आतल्या पितळी रिंगांचे दात झिजले होते.

"वाट लागलीय आतून," तो म्हणाला. "पण झीज कशाने झाली तेच कळत नाही."

रिंगा नव्या टाकल्या, क्लचप्लेट नवी टाकली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तीच करकर.

या वेळी त्याने पाना हातात घेतलाच नाही. स्वतः चालवायला बसला, आम्हाला दोघांना शेजारी घेतलं आणि हायवेला एक चक्कर मारून आला. एकही गिअर अडकला नाही. गॅरेजसमोर उतरून तो दादाला म्हणाला, "आता तू चालव."

दादाने चालवली आणि दुसऱ्यालाच गिअर ओरडला.

"पाय पूर्ण दाब रे."

"दाबलाय ना!"

मी खाली वाकून बघितलं. पेडल निम्म्यावरच थांबलं होतं. दादाच्या मांडीची शीर ताठली होती, कपाळावर घाम होता, आणि पावलात जोरच नव्हता. त्याला मात्र खरोखर वाटत होतं, की आपण पेडल तळाला टेकवलंय.

मेकॅनिकने गाडी बाजूला घ्यायला लावली. "डॉक्टरला दाखव," एवढंच म्हणाला.

दादा भडकला. "गाडी तुला जमेना, म्हणून आता माझ्या पायात खोट काढतोस?" त्यानंतर तो त्या गॅरेजची पायरी चढला नाही.

घरी वहिनीला सांगितलं, तेव्हा एकेक आठवायला लागलं. डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते, म्हणून तिने त्याला पट्ट्याची सँडल आणून दिली होती. जिन्यात दोनदा पडला होता. आम्ही म्हणायचो, वय झालं, बघून चालत जा.

तपासण्या लांबत गेल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात. आज पाय, पुढे हात, मग गिळणं, बोलणं. औषध नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय अजून किती दिवस टिकतील? मला गाडी चालवायचीय."

चाव्या मी लपवल्या, त्याने शोधून काढल्या. एका सकाळी मला न सांगता माल घेऊन निघाला. असल्फ्याच्या चढावर पुढच्या गाड्या खोळंबल्या म्हणून थांबला, आणि निघताना क्लच सांभाळता आला नाही. इंजिन बंद पडलं, गाडी मागे घरंगळली आणि एका रिक्षावर आदळली. रिक्षावाला नुकताच खाली उतरला होता, म्हणून वाचला. मी पोचले तेव्हा लोक दादाला दारुडा म्हणत होते, आणि तो फुटपाथवर बसून ते ऐकत होता. मी सांगायला लागले, तसा त्याने माझा हात धरला. "बोलू दे गं त्यांना."

पिकअप विकली. माल आता दुसऱ्याच्या टेम्पोतून जायचा.

दादाचे हातही गेले तसा मेकॅनिक घरी यायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. दर रविवारी दादाची दाढी करायचा, त्याच्याशी एकटाच बोलत बसायचा. दादा सुरुवातीला तोंड फिरवायचा. पुढे रविवारी सकाळपासून दाराकडे बघत राहायचा. तोवर त्याचं बोलणं आम्हाला समजेनासं झालं होतं.

दादा गेला तो श्वास अडकून, दुपारी, आमच्या सगळ्यांच्या देखत. जीव जायला वेळ लागला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मेकॅनिक मला जिन्यात गाठून म्हणाला, "त्या दिवशी मी बोललो नसतो, तर अजून थोडे दिवस गाडीवर राहिला असता तो."

"आणि कुणाला तरी मारलं असतं," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.