श्रेयाच्या गालावरची तीट

रत्नाबाईंचं घर निरगुडसरच्या मळ्यात, उघड्या विहिरीजवळ. म्हणून २००२ साली त्यांनी पाळणाघर काढलं ते गावात, आमच्या शाळेमागच्या रिकाम्या घरात. संध्याकाळी त्याला कुलूप लावून त्या मळ्यात परतायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायका म्हणायच्या, "दुसऱ्यांची पोरं हिला कशाला, ती बी कुलपाच्या घरात?"

इंद्रायणी कांदा काढायला जाताना लेकीला, श्रेयाला, तिथे ठेवायची. सकाळी ती पोरीच्या उजव्या गालाला तीट लावायची, पण संध्याकाळी तीट डाव्या गालावर दिसायची. पोरीला धुऊनपुसून ही काय लपवते? करणी तर नसेल? इंद्रायणीला घास गोड लागेना.

एका दुपारी ती काम सोडून आली आणि खिडकीआड उभी राहिली. रत्नाबाईंनी श्रेयाचं खरकटं तोंड धुतलं आणि काजळाचं बोट गालाला टेकवलं. इंद्रायणी ताडकन आत शिरली.

"माजी तीट का पुसता वो, मावशी?"

रत्नाबाई दचकल्या. "तोंड धुताना जाती गं. मग मी दुसरी लावते. लई गोड पोरगी तुजी. दिसभर बघत बसते, माजीच नजर लागायची."

लेकीला उचलायला पुढे केलेले हात इंद्रायणीने मागे घेतले आणि ती वावरात परत गेली.

दुसऱ्या सकाळी श्रेया पाळणाघरात आली, तेव्हा तिचे दोन्ही गाल कोरे होते.