डोकं दुखत नव्हतं

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झालीत. तनुजा नाळे उशाखालचा मोबाईल चाचपते, डोळे न उघडताच गजर पुढे ढकलते आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेते.

"तनू, उठतेयस ना?" स्वयंपाकघरातून आई विचारते. "आज तरी जा गं."

"घोटा ठणकतोय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो.

काल संध्याकाळी भोईटे सर स्वतः घरी येऊन गेले. फलटणमध्ये वीस वर्षं मुलींना खो-खो शिकवणारा हा माणूस दारातच उभा राहिला, चहाही नको म्हणाला. "उद्या सकाळी सहाला राज्य निवडीची यादी पाठवतोय. मैदानावर जी हजर असेल तिचंच नाव जाईल. याच्यापुढं मी काय करू, तूच सांग." मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा त्यांचा आवाज एवढा खाली उतरलेला तनुजानं कधी ऐकला नव्हता.

चौपन्न दिवस ती मैदानावर गेलेली नाही. आधी ताप आला. मग घोटा. मग परीक्षा, मग पाळी, मग बुटाचा तळ निघाला. कारण सांगताना ते तिला स्वतःलाच खरं वाटतं, ही त्यातली गोम. घोटा म्हटलं की घोटा खरोखर ठणकायला लागतो. आणि मैदानाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या नुसत्या आठवणीनं तिचा श्वास अर्ध्यावर अडकतो. तो आत्ताही अडकलाय. ती कूस बदलते. आईच्या चपलांची फटफट ऐकू येते, मग लांब जाते, मग कुणाच्या तरी वेगळ्याच चपलांची होते.

"तनू, चल की गं!"

खिडकीखाली हॉर्न दोनदा वाजतो. शिफा मुलाणी आलीय. चौथीपासूनची मैत्रीण, रोज पहाटे स्कूटी घेऊन तनुजाला न्यायला येणारी. शिफा नाक्यावरच्या अपघातात गेली त्याला आज चौपन्न दिवस झालेत, हे तनुजाला या गुंगीतही पक्कं ठाऊक आहे. ती उठत नाही. तरी ती स्कूटीवर मागे बसलेली आहे.

गार वारा तोंडावर येतोय. शिफाचे केस ओले आहेत, नेहमीसारखे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेचे बाक लागतात, चौथीच्या वर्गातले, आणि स्कूटी त्यांच्यामधून बिनआवाज जाते. फळ्यावर कुणीतरी आजची तारीख लिहिलीय.

"शिफा, मला तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

"त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं."

"माहितीये."

"मला नुसतं झोपायचं होतं. थंडी होती म्हणून. खिडकीतून म्हणाले तुला, डोकं फुटतंय, तू हो पुढं."

"डोकं दुखलं की तू भुवई चोळतेस. त्या दिवशी दोन्ही हात शालीत होते तुझे."

"मग बोलली का नाहीस?" तनुजाचा आवाज फाटतो. "शिव्या घालायच्या होत्यास. वर येऊन ओढून न्यायचं होतंस मला!"

"उशीर होत होता गं."

आता त्या चालतायत. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे, पण फरशीवर चुन्यानं रेषा आखल्यात आणि दोन्ही टोकांना खांब रोवलेत. मध्ये मुली ओळीनं उकिडव्या बसल्यात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. कुणाचाच चेहरा दिसत नाही.

"मी मागं बसलेली असते तर ओरडले असते," तनुजा म्हणते. "उसाची ट्रॉली नाक्यावर तशीच उभी होती म्हणे, दिव्याशिवाय. मला दिसली असती."

शिफा चुन्याच्या रेषेवरून चालत राहते.

"ओरडली असतीस," ती म्हणते. "नेहमीच ओरडायचीस. ऐकू आलं असतं का, नाही माहीत. मेल्यावर कुणी बरोबर उत्तरं दाखवत नाही, तनू."

"मग मी काय करू? मला जमत नाही गं. मैदानाचं फाटक नुसतं आठवलं तरी गुदमरायला होतं. मला माफ कर आणि सोड."

"आईला घोटा सांगतेस. सरांना परीक्षा सांगतेस. आणि मनातल्या मनात माझं नाव घेतेस." शिफाच्या आवाजात राग नाही, त्यानंच तनुजाला जास्त लागतं. "तापाच्या शेजारी, घोट्याच्या शेजारी मला नेऊन बसवलंस. मी काय तुझं निमित्त आहे?"

तनुजाला नाही म्हणायचंय. पण बघते तर ती स्वतःच त्या ओळीत उकिडवी बसलीय. गुडघे दुमडलेले, बोटं जमिनीला टेकलेली. फरशी मऊ झालीय, बोटांखाली ओली तांबूस माती आहे. पाठीमागून धावत येणारी पावलं ऐकू येतायत. ती पावलं ती हजारांत ओळखेल. डावं पाऊल जरा जड.

"नको," ती पुटपुटते. "शिफा, नको. मला बसू दे."

पाठीवर तळहाताची थाप बसते. जोरात.

"खो!"

खो मिळाल्यावर बसून राहता येत नाही. पाय आपोआप सुटतात. तनुजा पळतेय, रडतेय, मागे शिफा उभी असेल, एकदाच, फक्त एकदाच वळून—

"मागं बघू नको!" शिफा जीव तोडून ओरडते. "फाऊल होईल, येडे! पळ!"

गजर वाजतोय. पाच वाजून एकोणीस.

तनुजा गादीवर उठून बसलेली आहे. गाल ओले, छाती धपापतेय. भीती कुठंही गेलेली नाही. तरी ती पाय खाली सोडते, पलंगाखालून बूट ओढते आणि नाडी बांधायला लागते.

आई दारात येऊन उभी आहे. काही बोललं तर हे मोडेल, अशा धास्तीनं ती श्वाससुद्धा हळू घेतेय. पण तनुजा नाडीवर वाकते आणि आईच्या तोंडून निघूनच जातं.

"अगं, पाठीला काय लावून घेतलंस? झोपताना तर धुतलेला टी-शर्ट घातला होतास."

तनुजा जागच्या जागी थांबते. चादर पांढरी स्वच्छ आहे. आई जवळ येते, दोन खांद्यांच्या मधोमध बोट टेकवते आणि दिव्याच्या उजेडात धरते.

"माती आहे गं," ती म्हणते. "ओली. हाताचा पंजा उमटलाय बघ, पाचही बोटं."

आणि पुसायला ती पदर उचलते.

"राहू दे आई," तनुजा म्हणते. "पुसू नकोस."